नवी स्प्रिंग घातली आणि रायफल बिघडली

पत्र

सप्रेम नमस्कार. वडिलांची साडेचार मिलिमीटरची एअर रायफल माळ्यावर पंधरा वर्षं पडून होती. जर्मन ‘डायना ३५’च्या नमुन्यावर आपल्याकडे बनलेली, बॅरल (नळी) सांध्यात खाली ‘मोडून’ कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची. चिपळूणच्या हवेत बाहेरून गंज धरला होता. उघडली तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकलेली आणि चामड्याचा वॉशर दगडासारखा झालेला. जुनी स्प्रिंग ३ मिमी तारेची, ३३ वेढ्यांची होती. दुकानदाराने ‘जास्त जोराची’ म्हणून ३.२ मिमी तारेची, ३५ वेढ्यांची दिली. चामड्याच्या वॉशरऐवजी सिंथेटिक सील ऑनलाइन मागवलं. ब्रीचची, म्हणजे छर्रा घालतात त्या नळीच्या मागच्या तोंडाची, रबर रिंग हार्डवेअरच्या दुकानातून घेतली. जोर वाढावा म्हणून स्प्रिंगमागे ३ मिमीचा वॉशरही घातला आणि आत शिलाई मशीनचं तेल सोडलं.

आता पहिले दहा-बारा छर्रे निळा धूर आणि फटाक्यासारखा आवाज करत गेले. त्यानंतर जोरच गेला. झाडल्यावर आत ‘झण्ण’ असा आवाज घुमतो. कॉक करताना कधी धरते, कधी धरत नाही. बॅरल आणखी ताकदीने खाली दाबली तर धरते. १० मीटरवर छर्रे ताटभर पसरतात. यापेक्षाही जाड स्प्रिंग घालू का? की नळीच ५.५ मिमीची बसवू? व्हिडिओंमध्ये लोक सुटे भाग आणून अख्खी रायफल घरी जोडतात, तसं आपल्याला करता येईल का?

– अ. ज., चिपळूण

उत्तर

अ. ज. यांस नमस्कार.

हे वाचून होईपर्यंत ती रायफल कॉक करू नका. ‘कधी धरते, कधी धरत नाही’ हे तुम्ही यादीत चौथं लिहिलंय. आमच्या यादीत ते पहिलं आहे. बॅरल मोडलेली असताना, छर्रा घालायला बोट ब्रीचशी नेलेलं असताना दाबलेली स्प्रिंग अडकवून ठेवणारी चापाची पकड सुटली, तर बॅरल झटक्यात वर येऊन मिटते. बोट मध्ये सापडलं तर तुटतं आणि बॅरलही वाकते. दुरुस्तीनंतरसुद्धा ही सवय लावून घ्या: कॉक केल्यावर एका हाताने बॅरलचं टोक घट्ट धरून ठेवायचं, दुसऱ्या हाताने छर्रा घालायचा, आणि बॅरल मिटल्यावरच हात सोडायचा. बोट चापापासून लांब.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे एअर रायफलीची नळी ०.१७७ इंचापर्यंत, म्हणजे आपली साडेचार मिमी, आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. यातली एक मर्यादा ओलांडली तरी लागतो. ५.५ मिमीची नळी बसवलीत की वडिलांची विनापरवाना चालणारी रायफल त्याच दिवशी परवान्याची होते, म्हणून तो विचार सोडा. ज्या व्हिडिओंबद्दल तुम्ही लिहिता ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे स्वतःपुरती रायफल घरी जोडण्याचा छंद आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळ्याचं हत्यार बनवायला परवाना लागतो, आणि विनापरवाना बनवणाऱ्यावर गंभीर गुन्हा दाखल होतो. तो रस्ता नाहीच. हातात आहे तिला मुळासारखी करणं, एवढाच आपला विषय.

आता जाड स्प्रिंगचा प्रश्न. तुमच्या निम्म्या तक्रारी त्या स्प्रिंगनेच आणल्यात, आणि हे सांगायला रायफल बघावीही लागत नाही, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून कळतं. स्प्रिंग पूर्ण दाबली की वेढ्याला वेढा टेकतो. त्या वेळची तिची लांबी म्हणजे तारेची जाडी गुणिले वेढे. जुनी स्प्रिंग ३ × ३३, म्हणजे ९९ मिमी. नवी ३.२ × ३५, म्हणजे ११२ मिमी. त्यात तुमचा ३ मिमीचा वॉशर धरून ११५. जिथे जुनीला ९९ मिमी पुरत होते तिथे तुम्ही १६ मिमी जास्त लोखंड कोंबलंय. कॉक करताना पिस्टन, म्हणजे सिलिंडरमध्ये धावून हवा दाबणारा दट्ट्या, मागे येतो, पण त्याची खाच चापाच्या पकडीपर्यंत पोचायच्या आधीच वेढे एकमेकांना भिडतात. मग तुम्ही ताकद लावता, कॉकिंगचा दांडा आणि खिळी किंचित वाकतात, तेवढ्या अर्ध्या-एक मिमीत खाच कशीबशी अडकते. ‘कधी धरते’ ती ही अशी.

याची खात्री अशी करा. रायफल उघडून स्प्रिंग काढा आणि स्प्रिंगशिवाय पिस्टन, ट्रिगर ब्लॉक (चापाचा अख्खा जोड), कॉकिंगचा दांडा जोडा. बॅरल हळू मोडा. ‘टक्’ असा आवाज येऊन पिस्टन धरला आणि दहापैकी दहा वेळा धरला, तर पकड आणि दांडा ठीक आहेत, दोष फक्त स्प्रिंगच्या लांबीचा. स्प्रिंगशिवायही चुकतमाकत धरत असेल तर दांडा वाकलाय, त्याची खिळी झिजलीय किंवा पकडीची धार गेलीय. त्या धारेला मात्र कानस लावू नका. पकडीच्या पोलादाला फक्त वरवरचं पाणी दिलेलं असतं, मिलिमीटरच्या काही दशांशांएवढं. कानशीने ते उतरलं की खाली मऊ लोखंड उघडं पडतं. दोन-चार दिवस चाप छान हलका वाटतो आणि मग एके दिवशी बॅरल मिटताना रायफल आपोआप सुटते. झिजलेली पकड बदलायची असते, घासायची नसते.

या नमुन्याच्या काही रायफलींत पिस्टनची दांडी तीन पोलादी गोळ्यांनी धरली जाते. तुमची तशी असेल तर ब्लॉक बाहेर ओढताना खाली पांढरं फडकं अंथरा, म्हणजे गोळ्या कपाटाखाली गडगडत जाणार नाहीत. परत बसवताना घट्ट ग्रीसने जागच्या जागी चिकटवा आणि तिन्ही आहेत हे मोजूनच पुढे जा.

उघडण्याबद्दल थोडं. पहिल्यांदा जमलं म्हणून दुसऱ्यांदाही हातानेच कराल, अशी शंका येते. झाडलेल्या अवस्थेतही स्प्रिंग आत दाबलेली असते. आडव्या पिना किंवा मागचा नट निघाला की ती ब्लॉकला घेऊन उसळते. सुताराकडचा लांब शिकंजा आणा, दोन-अडीच फुटी पुरे. एक टोक ब्रीचकडच्या बाजूला लाकडाचा ठोकळा देऊन लावा, दुसरं ट्रिगर ब्लॉकच्या मागे. किंचित आवळा, पिना सैल झाल्या की काढा, आणि मग शिकंजा सावकाश ढिला करत स्प्रिंगला पूर्ण सुटू द्या. तोंड स्प्रिंगच्या रेषेत कधी नको. डोळ्यांवर चष्मा हवाच.

स्प्रिंग नव्याने घेताना दुकानदाराला ‘जोराची द्या’ म्हणू नका, चार मापं द्या: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, एकूण वेढे, मोकळी लांबी. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा कॅलिपर, साताठशे रुपयांना मिळतो आणि त्याच्यावाचून या कामाला हात घालू नये. पहिली तीन मापं जुन्या स्प्रिंगवरून मिळतील, कारण ती वाकली तरी बदलत नाहीत. चौथं बदलतं. वर्षानुवर्षं दाबून राहिलेली स्प्रिंग आखूड होते. म्हणून मोकळी लांबी अशी ठरवा की सगळं आत घातल्यावर, दाबण्याआधी, ट्रिगर ब्लॉक आपल्या जागेपासून ३ ते ५ सेंटिमीटर बाहेर राहील. त्याहून फार जास्त राहत असेल तर ती स्प्रिंग दुसऱ्या कुठल्या मॉडेलची आहे. घेतलेली स्प्रिंग काचेवर लोळवा. सरळ असेल तर एकसारखी गडगडते, वाकडी असेल तर लंगडते. लंगडी स्प्रिंग परत करा.

हाताशी असलेल्या ३.२ मिमी स्प्रिंगचे वेढे कापून भागेल का, असं मनात येईलच. नुसतं ९९ वर आणायला चार वेढे जातील. मग टोक तापवून बंद करायचं, सपाट घासायचं, आणि ते करताना शेजारच्या वेढ्याचं पाणी उतरू द्यायचं नाही. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा योग्य मापाची नवी स्वस्त पडते.

आता जोराचं गणितही पाहू, म्हणजे जाड स्प्रिंगचा मोह जाईल. ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटरने गेला तर ०.५ × ०.०००५ × १८० × १८०, म्हणजे साधारण ८ जूल. त्याच छर्ऱ्याला २० जूलच्या मर्यादेपर्यंत न्यायचं तर वेग २८० च्या पुढे लागतो. जुन्या नमुन्याच्या सिलिंडरला तेवढी हवाच पुरत नाही. जोर स्प्रिंग देते असं वाटतं खरं, पण छर्ऱ्याला ढकलते ती हवा, आणि हवा किती हे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव ठरवतात. स्प्रिंग नको तितकी जाड झाली की पिस्टन हवेच्या गादीवर आपटून उलटा उसळतो. धक्का वाढतो, नेम जातो, छर्ऱ्याच्या वेगात मात्र नावापुरती वाढ. ‘जास्त जोराची’ हे शब्द विक्रीला बरे.

धुराकडे येऊ. पिस्टन सुटल्यावर पुढची हवा क्षणार्धात इतकी दाबली जाते की तिचं तापमान काही शे अंशांवर जातं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, तिथेही इंधन याच कारणाने पेटतं. तुम्ही सोडलेलं शिलाई मशीनचं तेल खनिज तेल आहे. ते तसंच पेटलं: निळा धूर, जळका वास. फटाक्यासारखा आवाज म्हणजे साधं जळणं नव्हे, स्फोट. त्या दणक्याने सिंथेटिक सीलची कड जळते किंवा चिरते, आणि पिस्टन उलटा फेकला जाऊन स्प्रिंगवरही ताण येतो. दहा-बारा छर्ऱ्यांनंतर जोर गेला तो याचमुळे. सील काढून बघा. कडेला काळा, खरबरीत भाग किंवा नखात अडकेल अशी चीर असेल.

साफसफाई पूर्ण करा, अर्धवट नको. सिलिंडर, पिस्टन, ट्रान्सफर पोर्ट म्हणजे सिलिंडरमधून नळीकडे हवा नेणारं बारीक भोक, आणि नळी, यांतलं तेल लांब काठीला फडकं गुंडाळून पुसा. फडकं कोरडं आणि पांढरं बाहेर येईपर्यंत. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा चालतो, पण घराबाहेर, विस्तवापासून दूर, आणि सील-रबर काढल्यावरच, नाहीतर रबर फुगतं. ट्रान्सफर पोर्टमध्ये राहिलेला एक थेंबसुद्धा पुढचे वीस छर्रे धूर काढतो.

वंगण परत देताना हात आखडता घ्या. मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस पिस्टनच्या मागच्या भागाला, जिथे तो सिलिंडरला घासतो, बोटाने पुसल्यासारखं पातळ लावा. सीलच्या कडेला नुसता हात फिरवल्याइतकं. सीलच्या तोंडाला काहीच नाही. कॉकिंग दांड्याच्या खिळीला आणि घसरपट्टीला वाटाण्याएवढं चालेल, तो भाग दाबाच्या बाहेर आहे. सिलिकॉन तेल पेटायला कठीण म्हणून काही जण स्प्रिंगला आणि पिस्टनलाही लावतात, पण लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते तेल भार पेलत नाही आणि ओरखडे पडतात. कुलपा-बिजागरीचे फवारे या यंत्रात कुठेच नकोत. एवढं करूनही पहिले दहा-वीस छर्रे पातळ धूर दिसला तर घाबरू नका, मात्र फटाका एकदाही वाजता कामा नये.

सीलच्या बाबतीत एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता: मुळात चामडं होतं तिथे सिंथेटिक बसतं का? बसवता येतं, पण दोघांची बैठक वेगळी. चामड्याचा वॉशर वाटीसारखा, मधल्या स्क्रूने दाबलेला. सिंथेटिक सीलला बहुधा पिस्टनच्या डोक्यावर गोल खुंटी लागते, किंवा सीलसोबत जोडभाग येतो. नुसत्या स्क्रूने सपाट वॉशरसारखं आवळलं तर त्याची कड बाहेर फाकते आणि घासून जाते. शिवाय सील चामड्यापेक्षा दोन मिमी जाड असलं तर पिस्टनची पुढची धाव तेवढी कमी होते. तुमच्या पिस्टनला खुंटी नसेल तर चामड्याचाच नवा वॉशर घ्या. चामडं कमी दर्जाचं नव्हे. त्याला फक्त तेल लागतं: बसवण्याआधी रात्रभर नीट्सफूट तेलात (चामड्याला मऊ ठेवणारं तेल) भिजवायचं, निथळायचं, आणि नंतर दर काही महिन्यांनी दोन थेंब. चामड्याच्या रायफलीला थोडा धूर असतोच.

सिंथेटिकच घालणार असाल तर बसवताना दोन ठिकाणी ते मरतं. सिलिंडरच्या खालच्या अंगाला कॉकिंग दांड्यासाठी लांब फट असते. कारखान्यातून ती वस्तऱ्यासारखी धारदार येते. नवं सील आत ढकलताना त्या धारेवरून जातं आणि त्याची साल निघते. आधी बारीक गोल कानशीने आणि मग ६०० नंबरच्या एमरी पेपरने फटीच्या सगळ्या कडा आतून बोथट करा, बोट फिरवलं तर टोचता कामा नये. लोखंडाचा कीस पुसून काढा. मग सील सरकवताना फटीतून बाहेर फुगणारा भाग लाकडी आइस्क्रीमच्या काडीने आत दाबत न्या. स्क्रू ड्रायव्हर नको.

दुसरं, माप. सील सिलिंडरच्या आतल्या व्यासापेक्षा ०.२ ते ०.४ मिमी मोठं असावं. स्प्रिंगशिवाय पिस्टन हाताने ढकलून पाहा. स्वतःच्या वजनाने घसरत असेल तर सैल. हातोडी लागत असेल तर घट्ट, मग पिस्टन ड्रिलमध्ये धरून ४०० नंबरच्या पेपरने थोडं थोडं उतरवा, दर वेळी पुसून परत तपासा. बरोबर बसलेलं सील जोर लावला की एकसारखं सरकतं. त्यानंतर बॅरल मोडून ट्रान्सफर पोर्टवर अंगठा घट्ट ठेवा आणि पिस्टन मागून ढकला. हवेची गादी लागून तो सायकलच्या पंपासारखा परत मागे आला, तर सील धरतंय. ही परीक्षा स्प्रिंग बाहेर असतानाच करायची, हे दोनदा वाचा.

ब्रीचची रिंग. नळाच्या कामाची रबर रिंग इथे महिन्याभरात चपटी होते. नायट्रिल रबराची, कडकपणा ७० ते ९० शोअर, अशी ओ-रिंग मागा, आणि माप जुन्या रिंगेचं नको, खाचेचं घ्या. बसल्यावर ती ब्रीचच्या पातळीपेक्षा साधारण पाव मिमी वर दिसली पाहिजे. कमी असेल तर खाली पातळ पुठ्ठ्याची चकती घाला. फार वर आली तर बॅरल पूर्ण मिटत नाही आणि नेम वरखाली होतो. गळती बघायची सोपी युक्ती: टिश्यू पेपरची पट्टी ब्रीचच्या सांध्यावर ठेवून एक छर्रा सुरक्षित ठिकाणी झाडा. पट्टी उडाली तर हवा तिथून जातेय. छर्ऱ्याशिवाय मात्र झाडू नका. पुढे छर्रा नसेल तर हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन थेट सिलिंडरच्या तोंडावर आपटतो आणि सील फुटतं.

‘झण्ण’ आवाज धोक्याचा नाही, त्रासाचा आहे. स्प्रिंगच्या आत एक दांडी असते, तिला गाइड म्हणतात. स्प्रिंगचा आतला व्यास आणि गाइड यांत फट जास्त असली की सुटल्यावर स्प्रिंग त्यावर वाजते. तार जाड झाली आणि बाहेरचा व्यास तोच राहिला तर आतली जागा उलट कमी होते, त्यामुळे तुमच्या नव्या स्प्रिंगचा बाहेरचा व्यासही वेगळा असणार असा आमचा कयास आहे. मोजा. गाइडवर स्प्रिंग हाताने पिळत चढली पाहिजे, फट ०.१ ते ०.३ मिमी. एक मिमीच्या पुढे असेल तर लेथवाल्याकडून डेल्रिन प्लॅस्टिकचं गाइड कातून घ्या, जुन्याच्या लांबीचं आणि तेवढ्याच जाडीच्या बुडाचं. बूड जाड केलंत तर परत ९९ मिमीचं गणित बिघडेल. तोपर्यंत स्प्रिंगला चिकट, डांबरासारखं ग्रीस बाहेरून पातळ लावलं तरी आवाज निम्मा होतो. थापलं तर जोर खातं आणि पुढे सरकून परत धूर काढतं.

ताटभर पसरणाऱ्या छर्ऱ्यांचं निदान वरचं सगळं झाल्यावरच करा. धूर काढणारी रायफल दर वेळी वेगळ्या वेगाने छर्रा फेकते, तेव्हा नेम शोधणं व्यर्थ. मग क्रमाने जा. सगळ्यात आधी दस्त्याचे स्क्रू: पुढचे दोन आणि चापाच्या कडीचे. स्प्रिंग रायफलीचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो, त्याने स्क्रू ढिले होतात. निळं, म्हणजे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावून आवळा. लाकूड चेपलं असेल तर स्क्रूखाली वॉशर. दुसरं, बॅरलचा मुख्य सांधा. स्प्रिंग बाहेर असताना बॅरल अर्धी मोडून सोडा. सोडली तिथेच राहिली पाहिजे. लगेच खाली पडली, किंवा टोक धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर कटकट वाजली, तर बोल्ट आवळा, आणि तरीही राहत नसेल तर बाजूला ०.१ मिमीचे पातळ वॉशर घाला. तिसरं, नळीचं तोंड. रायफल टोकावर उभी ठेवण्याच्या सवयीने तिथे खरवड येते. कापसाचा बोळा तोंडावरून गोल फिरवा, तंतू अडकले तर तिथे खडा आहे. ते लेथवर नीट करून घ्या, घरी नको.

यातलं काहीच नसेल तर छर्रे बदला. एकाच डब्यातले वीस छर्रे पांढऱ्या कागदावर ओता. ज्यांची मागची कड चेपलीय ते बाजूला काढा. ०.४५ ते ०.५५ ग्रॅमचे, ४.५० आणि ४.५१ मिमी डोक्याचे दोन-तीन प्रकार आणा आणि प्रत्येकाचे पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन गट झाडा. एकाच गटावरून ठरवू नका. पोलादी गोळ्या रायफलीच्या नळीत घालायच्या नाहीत, आतल्या आट्या झिजतात.

रायफल धरायचीही एक रीत आहे. बॅरल वाळूच्या पिशवीवर टेकवू नका. पुढचा हात उघडा ठेवून त्याच्या तळव्यावर दस्ता नुसता टेकू द्या आणि दर वेळी त्याच जागी टेकवा. घट्ट आवळलेली स्प्रिंग रायफल धक्क्याबरोबर हाताप्रमाणे वेगवेगळी उडते. १० मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्यात पडले तर या वयाच्या यंत्राकडून खूप झालं. स्पर्धेतलं १० मीटरचं लक्ष्य जेमतेम ४५.५ मिमी रुंद असतं आणि त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिमीचा. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये ज्या प्रकारात जगज्जेता झाला, त्यातल्या रायफली दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालतात, त्यांत स्प्रिंगच नसते. तेव्हा तुलना करून खंतावू नका.

लक्ष्याच्या मागे जाड लाकडी पेटी, आत जुने कपडे ठासून, पाठीला पोलादी पत्रा. भिंतीवर झाडलेला छर्रा परत येतो. पक्ष्यांवर तर नाहीच.

तुमच्या खरेदीचा क्रम असा ठेवा: व्हर्नियर, मग ३ मिमी तारेची ३३ वेढ्यांची स्प्रिंग, मग पिस्टनचं डोकं पाहून चामडं किंवा सिंथेटिक, ओ-रिंग, मॉली ग्रीसची लहान ट्यूब. तो ३ मिमीचा वॉशर काढून ठेवा. माळ्यावर परत ठेवायची वेळ आली तर कापडी पिशवीत नको, तुमच्याकडच्या पावसाळ्यात ती ओल धरते. बाहेरून तेलाचा हात फिरवून, कॉक न करता, मोकळ्या हवेत कुलूपबंद कपाटात उभी ठेवा, दस्त्यावर.